ट्रेनरकडून नेमके काय मागावे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकपत्रांच्या स्तंभात ठाण्यातील एका वाचकाची तक्रार वाचली. जिमचे वर्षभराचे शुल्क आणि वर पर्सनल ट्रेनिंगचे तीन महिन्यांचे पॅकेज असे दोन्ही भरूनही ट्रेनरने आपल्याला ‘मोटिव्हेट’ केले नाही, त्यामुळे दुसऱ्या महिन्यातच जाणे सुटले आणि पैसे पाण्यात गेले, असा तिचा आशय होता. मी ठाण्यातच पर्सनल ट्रेनर म्हणून काम करते आणि ही तक्रार मला तोंडीही वरचेवर ऐकायला मिळते. पैसे वाया गेल्याची चुटपुट खरी आहे. पण ट्रेनरकडून जे मागायला हवे होते ते या वाचकांनी मागितलेच नाही आणि जे मागितले ते कोणताही ट्रेनर देऊ शकत नाही, असे माझे मत आहे. उत्साह हा पॅकेजमध्ये बांधून देण्याचा माल नाही. तो कोठून येतो आणि का आटतो हे समजून घ्यायचे तर आधी उद्दिष्ट कसे ठरते ते पाहावे लागेल, कारण माणूस जिम सोडतो तो निव्वळ आळसापोटी क्वचितच. बहुधा एका चुकीच्या आकड्यापुढे हात टेकून तो सोडतो.

हा आकडा ठरतो तो व्यायामाच्या जागी नव्हे, काउंटरवर. चौकशीला आलेल्या व्यक्तीला वजनकाट्यावर उभे केले जाते, हातात धरायच्या यंत्राने शरीरातील चरबीची टक्केवारी काढली जाते आणि मग समोरची व्यक्ती, जिचे काम विक्रीचे असते, ‘किती किलो कमी करायचेत?’ असे विचारते. मुलीचे लग्न मे महिन्यात असते, म्हणून उत्तर येते, ‘तीन महिन्यांत बारा किलो.’ ‘होऊन जाईल, मॅडम,’ असे सांगून पावती फाडली जाते. ज्या ट्रेनरने ते बारा किलो ‘करून द्यायचे’ असतात तो त्या वेळी आत कोणाला तरी लॅट पुलडाउन हा पाठीचा व्यायाम शिकवत असतो, आणि आपल्या नावावर कोणते वचन दिले गेले आहे हे त्याला दुसऱ्या दिवशी कळते.

या वचनाचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. एक किलो चरबीत ढोबळमानाने ७,७०० कॅलरी असतात. बारा किलोंच्या ९२,४०० झाल्या. नव्वद दिवसांत त्या घटवायच्या तर रोजची तूट हजाराच्या वर हवी. बैठे काम करणाऱ्या, चाळिशीतल्या, सत्तर किलो वजनाच्या स्त्रीचा दिवसाचा एकूण खर्च साधारण सतराशे-अठराशे कॅलरींचा असतो, आणि पाऊण तास झपाझप चालून त्यात सव्वादोनशे-अडीचशेंचीच भर पडते. म्हणजे तिने रोज चालायचे आणि शिवाय दिवसभरात हजाराच्या आतबाहेरच जेवायचे, तेही नव्वद दिवस, घरातल्या लग्नाची खरेदी, केळवणे आणि पाहुणे सांभाळून. हे जमले नाही तर दोष तिच्या मनोबलाचा कसा? आठवड्याला अर्धा किलो हा वेग बहुतेकांना झेपतो, आणि त्या वेगाने तीन महिन्यांत सहा किलो उतरतात, जे मुळीच थोडे नाहीत. पण काउंटरवर बारा ऐकलेल्या माणसाला सहा हे अपयश वाटते.

त्यातून वजनकाटा हा रोजच्या प्रगतीचा साक्षीदार म्हणून अत्यंत बेभरवशाचा आहे. स्नायूंत आणि यकृतात साठलेल्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे राखीव साखरेच्या, प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी शरीरात राहते, म्हणून भात-पोळी एकदम कमी केली की पहिल्याच आठवड्यात काटा दीड-दोन किलोंनी खाली येतो आणि जाहिरातीसाठी फोटो काढण्याजोगा आनंद होतो. त्यात चरबी अगदी थोडी आणि पाणीच जास्त असते. पुढे एखाद्या रविवारी बाहेरचे खारट जेवण झाले, किंवा मासिक पाळी जवळ आली, की तेच पाणी परत येते आणि सोमवारी ती व्यक्ती माझ्यासमोर ‘सगळं वाया गेलं’ या चेहऱ्याने उभी असते. हातात धरायची ती चरबीमापक यंत्रेसुद्धा सौम्य विद्युतप्रवाह सोडून शरीरातील पाण्यावरूनच अंदाज बांधतात, त्यामुळे सकाळी आणि संध्याकाळी ती वेगवेगळे आकडे दाखवतात. मोजायचेच असेल तर महिन्यातून एकदा कमरेचा घेर टेपने मोजावा. भारतीयांसाठी पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते, आणि पोटाभोवतीच्या चरबीचा मधुमेहाशी असलेला संबंध पाहता ती मर्यादा वजनापेक्षा अधिक बोलकी आहे.

मग उद्दिष्ट कोणते असावे? माझ्याकडे येणाऱ्या, नौपाड्यात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेचे उदाहरण येथे सविस्तर सांगते. त्यांच्या मुलाने त्यांचे नाव ‘वेट लॉस’मध्ये घातले होते. बोलताना लक्षात आले की त्यांना खरी बोचणी होती ती वेगळीच: मंगळागौर असो की सत्यनारायण, जमिनीवर बसता येत नाही, आणि बसलेच तर उठताना दोघींना हात द्यावा लागतो, याची त्यांना लाज वाटे. आम्ही वजनाचा विषय बाजूला ठेवला. भिंतीला टेकवलेली एक साधी, हात नसलेली लाकडी खुर्ची घेतली, तिच्यावर सतरंजीच्या दोन घड्या घालून बैठक उंच केली आणि हात छातीशी दुमडून उठण्या-बसण्यापासून सुरुवात केली. पाय खांद्याइतके फाकलेले, टाचा जमिनीला घट्ट, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने, उठण्यापूर्वी छाती किंचित पुढे, आणि उठताना श्वास बाहेर. खाली बसताना मात्र घाई नाही. तीन अंक मोजेपर्यंत सावकाश, कारण मांडीचा स्नायू ताणत-ताणत भार सांभाळतो तेव्हाच्या श्रमातून ताकद चांगली मिळते आणि धपकन बसण्याची सवयही मोडते. दहा वेळा सहज जमू लागले की सतरंजीची एक घडी काढायची. दोन्ही घड्या निघाल्यावर खुर्चीऐवजी बुटका स्टूल, मग पाट. जोडीला एका पायावर तोल सांभाळणे आणि हातात हलके डंबेल. पुढच्या श्रावणात त्या पाटावर बसल्या आणि एक हात जमिनीला टेकवून स्वतःच उठल्या. वजन त्या वेळी किती होते, हे त्यांनी विचारले नाही.

या प्रकारात त्यांना मी ‘मोटिव्हेट’ केले असे कोणी म्हणेल, पण खरे काम सतरंजीच्या घडीने केले. उद्दिष्ट त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातले होते, पुढची पायरी रोज डोळ्यांसमोर होती आणि ती गाठणे त्यांच्या हातात होते. ताकदीच्या व्यायामाचा शरीरशास्त्रीय गुण असा, की त्यात पहिली प्रगती लवकर दिसते. सुरुवातीच्या काही आठवड्यांत स्नायू फारसा वाढत नाही, पण मेंदू व मज्जासंस्था असलेल्याच स्नायूचे अधिकाधिक तंतू एका वेळी कामाला लावायला शिकतात. म्हणून पाच किलोंचे डंबेल जड वाटणारी व्यक्ती महिन्याभरात साडेसात किलो उचलू लागते. आरशात दिसणारा बदल त्यानंतर, कित्येक आठवड्यांनी येतो. जो माणूस पहिल्या महिन्यात आरसा आणि काटा पाहतो त्याला काहीच घडलेले दिसत नाही. जो वही पाहतो त्याला बरेच दिसते. दोघांनी व्यायाम तितकाच केलेला असतो. म्हणूनच माझ्या प्रत्येक क्लायंटची साधी शंभर पानी वही असते आणि तीत तारीख, व्यायाम, उचललेले वजन, रेप्स (म्हणजे तो किती वेळा केला) आणि ‘आणखी किती जमले असते’ याचा अंदाज एवढेच लिहिले जाते. ॲप चालते, पण वही चाळताना मागची पाने आपोआप दिसतात, हा तिचा फायदा मला मोठा वाटतो.

स्त्रियांच्या बाबतीत एक जुना गैरसमज अजूनही आडवा येतो, तो म्हणजे वजन उचलल्याने शरीर पुरुषी होईल हा. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांमध्ये टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक इतके कमी असते की, वर्षानुवर्षे त्यासाठीच झटल्याशिवाय तसे काही होत नाही. उलट रजोनिवृत्तीनंतर हाडांची घनता झपाट्याने कमी होत असताना हाडांवर पडणारा भार हा त्यांना टिकवणारा एक महत्त्वाचा घटक असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम श्रमाच्या हालचालीबरोबरच दोन किंवा अधिक दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगितला आहे, आणि पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस. कचराळी तलावावर किंवा उपवनला रोज फेऱ्या मारणारी कितीतरी मंडळी पहिला भाग निष्ठेने पाळतात. दुसऱ्याचे नाव काढले की ‘आता या वयात?’ असे विचारतात. त्या वयातच तर तो हवा.

आता त्या आरडाओरड्याकडे वळते, ज्याला हल्ली मोटिव्हेशन म्हणतात. ‘अजून एक, अजून एक’ म्हणत क्लायंटला थरथरेपर्यंत राबवणारा ट्रेनर व्हिडिओत शोभून दिसतो. नवख्या माणसाने पहिल्या दिवशी शेकडो बैठका काढल्या की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला ठाणे स्थानकाचा पूल उतरता येत नाही. क्वचित प्रसंगी अतिश्रमाने स्नायू विरघळून मूत्रपिंडांवर ताण येतो आणि रुग्णालय गाठावे लागते. ताकद वाढण्यासाठी प्रत्येक सेट, म्हणजे एका दमात केलेली फेरी, पार गळून जाईपर्यंत करण्याची गरज नसते. आणखी दोन-तीन रेप्स जमले असते अशा बेताला थांबले तरी प्रगती होते, आणि परवा परत यायची इच्छा शिल्लक राहते. माझ्या लेखी ट्रेनरच्या कौशल्याची खरी परीक्षा ही, की क्लायंटला आज कुठे थांबवायचे हे त्याला कळते का.

समाजमाध्यमांवर ‘एकवीस दिवसांत सवय’ हा मंत्रही फिरत असतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असे आढळले, पण माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता, आणि खाण्यापिण्याच्या साध्या सवयींपेक्षा व्यायामाची सवय लागायला अधिक वेळ लागला. त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष मला जास्त मोलाचा वाटतो: मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. आपल्याकडे मात्र गणपतीत आठवडाभर खंड पडला की लोक ‘आता दिवाळीनंतरच’ म्हणतात, दिवाळीनंतर ‘आता एक जानेवारीपासून’ म्हणतात आणि जिमवाले त्या एक जानेवारीची वाटच पाहत असतात. सण हे आपल्या वर्षाचा भाग आहेत. ते धरूनच वेळापत्रक आखले पाहिजे. गणपतीच्या आठवड्यात एकच दिवस यायचे आणि अर्धाच व्यायाम करायचा, असे आधीच ठरवून ठेवले तर तो खंड राहत नाही, योजनेचाच भाग होतो.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या माणसाच्या वेळेचे गणित तर वेगळे मांडावे लागते. कासारवडवलीला राहणारा, ऐरोलीला नोकरी करणारा माझा एक क्लायंट सकाळी साडेसातला घर सोडतो, घोडबंदर रस्त्यावरची मेट्रोची कामे आणि कोंडी ओलांडून ठाणे स्थानकात येतो, तिथून ट्रान्सहार्बर लोकल पकडतो आणि रात्री नवाच्या सुमारास घरी पोचतो. त्याला काउंटरवर ‘आठवड्याचे सहा दिवस, पहाटे साडेपाच’ असा प्लॅन दिला गेला होता. झोपायला बारा वाजणाऱ्या माणसाने पहाटे पाचला उठून लोखंड उचलायचे म्हणजे झोपेचे दोन तास विकून व्यायाम विकत घेणे. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, हात जड होतो आणि दुखापतीची शक्यताही वाढते. आम्ही त्याचे सहा दिवस कापून दोन केले: बुधवारी रात्री आणि रविवारी सकाळी, प्रत्येकी पाऊण तास, पाचच व्यायाम, स्क्वॉट, छातीचा, पाठीचा, खांद्याचा आणि वजन उचलून चालण्याचा. बाकी दिवस ऐरोली स्थानकापासून कचेरीपर्यंत रिक्षा सोडून पायी जायचे आणि सरकते जिने टाळायचे. तो अजून येतो आहे. दहा हजार पावलांचे बंधन मी त्याच्यावर घातले नाही, कारण तो आकडा मुळात १९६५ च्या सुमारास जपानमध्ये एका पाऊलमापक यंत्राच्या विक्रीबरोबर रूढ झाला, वैद्यकीय संशोधनातून नव्हे; चार हजार चालणाऱ्याने सहा हजार चालणे हाही चांगलाच लाभ आहे.

हे सगळे एवढ्या तपशिलाने लिहायचे कारण असे की, प्रश्न काही हौशी लोकांच्या दंडांपुरता नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आणि १३ कोटींहून अधिक मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे लोक आहेत. दुसऱ्या वर्षी ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या जागतिक आढाव्यात, २०२२ साली भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते, असे दिसले, स्त्रियांत हे प्रमाण ५७ टक्के तर पुरुषांत ४२ टक्के होते. म्हणजे जिमच्या दारात येणारा माणूस आता पूर्वीच्या तालमीतला तरणाबांड पोरगा राहिलेला नाही. तो पन्नाशीचा, गोळ्या चालू असलेला, बऱ्याचदा डॉक्टरांनीच ‘व्यायाम करा’ म्हणून धाडलेला असतो. आणि त्याला हाताळणाऱ्याला काय येते, हे कोणी तपासत नाही.

डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट यांना जशी कायद्याने नोंदणी करावी लागते तशी पर्सनल ट्रेनरला करावी लागत नाही. केंद्राच्या कौशल्य विकास व्यवस्थेत क्रीडा व फिटनेस क्षेत्रासाठी स्वतंत्र कौशल्य परिषद आहे, तिचे अभ्यासक्रम आहेत, परदेशी संस्थांची प्रमाणपत्रेही येथे मिळतात. पण ती घेतल्यावाचून कोणालाही टी-शर्टवर ‘ट्रेनर’ लिहून उभे राहता येते. त्यामुळे निवड करणाऱ्यानेच थोडे चौकस असावे. पहिल्या दिवशी ट्रेनरने छातीत दुखणे, चक्कर, रक्तदाब, सांधे, चालू औषधे याविषयीची प्रश्नावली भरून घेतली का? इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीची साखर व्यायामात एकदम खाली येऊ शकते, म्हणून अशा क्लायंटने काही खाल्ले आहे का हे विचारणे आणि ग्लुकोज जवळ ठेवणे ही मूलभूत गोष्ट आहे. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्याचे ठोके औषधामुळेच दबलेले असतात. ट्रेडमिलवरचा ‘२२० उणे वय’ हा कमाल ठोक्यांचा तक्ता त्याला लावून वेग वाढवत नेणारा ट्रेनर त्याला संकटात टाकतो. अशा वेळी चालताना पूर्ण वाक्य बोलता येते का, ही साधी कसोटी यंत्रापेक्षा विश्वासार्ह ठरते. रक्तदाब असलेल्याला श्वास कोंडून जोर लावू देऊ नये, हेही तितकेच प्राथमिक. ज्याला ही तीन-चार उत्तरे येत नाहीत त्याचे दंड कितीही पीळदार असोत, त्याच्या हाती आपले आई-वडील सोपवू नयेत.

आहाराबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यातला माझा प्रांत मर्यादित आहे आणि तसा तो इतर ट्रेनरांनीही मानावा असे मला वाटते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्या माणसाला आणि कॉलेजच्या मुलाला एकच छापील ‘डाएट चार्ट’ पाठवणे हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक सूचनांत शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळाव्यात असे म्हटले आहे. शाकाहारी घरांत प्रथिने कमी पडतात हे मी रोज पाहते, पण वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, मूठभर शेंगदाण्यांत सहा, आणि सोयाबीनच्या वड्यांत तर कोरड्या वजनाच्या निम्म्याने प्रथिने असताना डबा विकत आणण्याआधी स्वयंपाकघरात डोकावायला हरकत नसावी. काही जिममध्ये कॉलेजच्या मुलांना लॉकर रूममध्ये हळूच दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांविषयी मात्र मर्यादा न मानता लिहिते: ती स्टेरॉइड असतात, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देणे बेकायदा असते, आणि ती हृदय, यकृत व प्रजननक्षमता यांवर घाव घालतात. अशा जागी पाऊल ठेवू नये.

ट्रेनर हे सगळे का करत नाहीत, याचे उत्तर बरेचसे त्यांच्या पगारात आहे. मोठ्या जिममध्ये ट्रेनरला मूळ पगार तुटपुंजा आणि पॅकेजवर टक्केवारी मिळते, महिन्याला ठरावीक विक्रीचे टार्गेट असते, आणि ते न गाठणाऱ्याची पाळी गैरसोयीची लावली जाते. ज्या ट्रेनरला दिवसात दहा-दहा क्लायंट हाताळून संध्याकाळी रिन्यूअलचे फोनही करायचे आहेत तो वही कधी लिहिणार? शिवाय या रचनेत एक मूलभूत विसंगती आहे. शिकवणीच्या मास्तरांनी विद्यार्थ्याला स्वतः गणिते सोडवण्याइतका तयार करावा अशी आपली अपेक्षा असते. ट्रेनरनेही क्लायंटला सहा-आठ महिन्यांत स्वतःचा व्यायाम स्वतः आखता येईल इतके शिकवले पाहिजे. पण तसे शिकवले की त्याचे पॅकेज संपते आणि कमाई घटते. माझे काही क्लायंट आता महिन्यातून एकदाच येतात, वही दाखवतात, दोन चुका सुधारून घेतात आणि जातात. मला त्यात धंद्याचा तोटा होतो, हे मी नाकारत नाही; पण असे लोक ओळखीच्यांना पाठवतात, आणि त्यांना माझ्याकडे येताना बारा किलोंचे वचन लागत नाही.

तक्रार करणाऱ्या वाचकांना माझे सांगणे एवढेच, की वर्षाचे सभासदत्व अजून चालू असेल तर मॅनेजरला लेखी पत्र देऊन उरलेल्या सत्रांचा हिशेब मागावा आणि ट्रेनरकडे पहिल्या आठवड्यातील नोंदी व पुढच्या सहा आठवड्यांची योजना मागावी. नोंदीच नसतील तर ती सेवेतील त्रुटी आहे. ट्रेनर बदलून किंवा उरलेले पैसे परत मागता येतात, आणि दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. जिमच्या सेवेवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्के झाला आहे, तेव्हा नवी पावती घेताना तेवढे पाहून घ्यावे.

यातून वाट काढायची तर काउंटरच नसलेल्या जिमकडे पाहायला हवे, आणि अशा जागा ठाण्यात शेकड्यांनी पडून आहेत. घोडबंदर पट्ट्यातल्या आणि नवी मुंबईतल्या बहुतेक मोठ्या गृहसंकुलांत बिल्डरने दिलेली जिम असते: तीन ट्रेडमिल, त्यातली एक बंद, गंजत चाललेले डंबेल, भिंतीवर आरसा, आणि शिकवायला कोणी नाही. सभासद देखभाल शुल्कातून तिचा खर्च आधीच भरत असतात. नवी ट्रेडमिल घेण्याऐवजी सोसायटीने तेवढ्याच रकमेत एक प्रशिक्षित ट्रेनर ठरावीक मासिक मानधनावर, आठवड्यातले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास नेमला, त्यातला एक तास ज्येष्ठांसाठी आणि एक स्त्रियांसाठी राखून ठेवला, तर त्या ट्रेनरला कोणाला पॅकेज विकायचे नसते, टार्गेट नसते, आणि लिफ्टने खाली येणाऱ्या माणसाला कोंडीचेही निमित्त उरत नाही. नेमताना प्रमाणपत्र, प्रथमोपचार व सीपीआरचे (हृदय बंद पडल्यास छाती दाबून द्यायच्या तातडीच्या उपचाराचे) प्रशिक्षण आणि प्रत्येक सभासदाची वही ठेवण्याची अट करारात घालावी. मानधन हजेरीच्या आकड्यांवर किंवा ‘किती किलो उतरले’ यावर अवलंबून ठेवू नये, नाहीतर काउंटर मागच्या दाराने परत येईल. सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्याव्या लागतात. ज्यांना हा विषय पटतो त्यांनी तो विषयपत्रिका निघण्याआधी कार्यकारिणीकडे लेखी द्यावा. ऐनवेळच्या विषयांत गेला तर पार्किंगच्या वादानंतर त्याची पाळी येते, आणि तोवर सभागृहात कोणी उरलेले नसते.

आपली,
एक पर्सनल ट्रेनर,
पाचपाखाडी, ठाणे (पश्चिम)

(नोकरीच्या कारणास्तव नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)